चांदी, सिमेंट की पांढरं

दातांच्या डॉक्टरकडे भाव करायचा असेल तर खुर्चीत बसण्याआधी करावा. एकदा पाठ टेकली, तोंड उघडलं आणि वरचा दिवा डोळ्यांवर आला, की माणूस फक्त घशातून आवाज काढू शकतो. त्या आवाजाचा अर्थ समोरचा त्याच्या सोयीने लावतो. मला हे डाव्या बाजूची खालची दाढ गमावून कळलं.

ते आधी सांगते, नाहीतर पुढे मी एवढी का घाबरले ते कुणाला कळायचं नाही. लेक तेव्हा शाळेत होती. मी घरी बसून धागा कटिंग करायचे, म्हणजे शिवलेल्या मालाचे लोंबते धागे कापायचे. दाढ दुखायला लागली म्हणून नाक्यावरच्या एका दातवाल्याकडे गेले आणि म्हटलं, भरून द्या. त्याने रेट सांगितला. मी खाली आणला. त्याने परत थोडा चढवला, मी परत पाडला. मागे बाकावर माणसं बसलेली होती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बसा." मला वाटलं, सौदा जमला. त्याने इंजेक्शन दिलं, जबडा लाकडासारखा झाला, मग कानाच्या मुळाशी काहीतरी कडकड वाजलं. मी ओरडायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "झालं, झालं." कापसाचा बोळा चावायला लावून त्याने मला घरी पाठवलं. संध्याकाळी बधिरपणा उतरला तेव्हा जीभ तिथे गेली, तर दाढ नाहीच. नुसता खड्डा.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले. म्हणाला, "भरण्यासारखी राहिलीच नव्हती. आणि तुम्ही म्हणत होता तेवढ्या पैशात काढूनच मिळते." मी त्याच्या टेबलावरची काच फोडली. लोकांनी मला धरून बाहेर आणलं. पुढे तो दुकान बंद करून कुठेतरी गेला. ती दाढ खरंच भरण्यासारखी नव्हती की त्याला माझा कंटाळा आला होता, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता भिवंडीत, टेमघरला माझा स्वतःचा गाळा आहे. उशांचे अभ्रे, डस्टर, किचनचे नॅपकिन असं शिवून, धागे कापून, घड्या घालून आम्ही राहनाळच्या गोडाऊनला माल देतो. बायका माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. मी नवी होते तेव्हा आम्हाला माल देणारा ठेकेदार कडक होता. धागा कापताना कात्रीचं टोक कापडाला लागलं की पीस रिजेक्ट, आणि तो पीस बाईच्या मजुरीतून कापला जायचा. दाताने कधी कापडाला भोक पडत नाही. म्हणून आम्ही सगळ्या धागा दाताने तोडायला शिकलो. सुती धागा पुढच्या दातांनी तुटतो. पॉलिस्टरचा निसटतो. तो बोटाला एक वेढा देऊन, सुळ्याच्या मागच्या लहान दाढेत धरून झटका द्यावा लागतो. माझ्या वयाच्या कुठल्याही धागा कटिंगवालीला हसायला सांगा, पुढच्या दाताला खाच दिसेल.

गाळा घेतल्यावर मी सगळ्यांना छोटे कटर आणून दिले. कुणी दात लावताना दिसली तर मी अख्ख्या गाळ्यासमोर तिची खरडपट्टी काढते. पण माल तपासताना एखादा धागा लोंबताना दिसला की माझा स्वतःचा हात तोंडाकडे जातो. हात मला विचारून जात नाही.

गेल्या वर्षी त्याच लहान दाढेला ताक सोसेनासं झालं. एक घोट घेतला की कळ कानशिलापर्यंत जायची. जिभेला एक धारदार कोपरा लागायचा. डावीकडे आधीच खड्डा, आणि त्याच्या वरची दाढ खाली उतरून बसलेली, त्यामुळे त्या बाजूने भाकरी चावणं कधीच बंद झालं होतं. जे काय खायचं ते उजवीकडे. आता उजवीकडचीही गेली तर काय, हा विचार आला की जेवण ताटातच राहायचं. मी लेकीला सांगितलं नव्हतं. पण मी भाकरी आमटीत कुस्करून खातेय हे तिने पाहिलं आणि रविवारी मला धरून दवाखान्यात नेलं.

दवाखाना एका मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. मागच्या गल्लीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू होते. त्यांची खटखट जिन्यात येत होती. मला बरं वाटलं, कारण त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. पण वर पोचल्यावर ते दात कोरायचं मशीन ऐकू आलं. आत कुणाच्या तरी तोंडात चालू होतं. लूमच्या खटखटीच्या वर, बारीक, सुईसारखं.

डॉक्टर बाई तिशीची असेल. हसून म्हणाली, "काय होतंय, काकू?"

"काकू नका म्हणू. आणि मी आज बसणार नाही. फक्त रेट सांगा."

"आई!" लेक म्हणाली.

"कशाचा रेट? दात बघितल्याशिवाय?"

"उभ्या उभ्या बघा."

लेकीने कपाळाला हात लावला. पण डॉक्टर खरंच उठली, मला खिडकीपाशी नेलं आणि उभ्या उभ्या छोटा आरसा तोंडात घालून बघितलं. मग म्हणाली, "ताई, यापुढचं मला उभ्याने दिसत नाही. फोटो काढावा लागेल. मशीन हातात घेणार नाही, फक्त फोटो."

एक्स-रे काढला. कीड खोल होती आणि दाढेला आतल्या बाजूने बारीक चीर गेली होती. ती म्हणाली, भरून वाचेल असं वाटतंय, आणि भरायचे तीन प्रकार सांगायला लागली. मी तिला थांबवलं.

"चांगलं सगळे सांगतात. प्रत्येकात वाईट काय ते सांगा."

मग तिने तसंच सांगितलं. चांदीचं फिलिंग दणकट, थुंकीला घाबरत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण काळं दिसतं, त्यात पारा असतो आणि ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावं म्हणून चांगला दातसुद्धा थोडा कापावा लागतो. भिंती पातळ असतील तर पुढेमागे दात फुटू शकतो. सिमेंट पांढरं, चिकटतं, सगळ्यात स्वस्त. पण चावण्याच्या जागी झिजतं. लहान मुलांना, नाहीतर हिरडीपाशी ठीक. तिसरं दाताच्या रंगाचं, पांढरं. चिकटतं, कापावं कमी लागतं, चिरलेल्या भिंती धरून ठेवतं. पण भरताना दात कोरडा ठणठणीत लागतो. थुंकीचा थेंब लागला तर वरून सगळं चांगलं दिसतं आणि आत कीड परत सुरू होते. तोंड बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. महाग आहेच.

"पारा म्हणजे थर्मामीटरमधला?"

"तोच, पण घट्ट झाल्यावर तो मिश्रणात बांधला जातो. लोकांच्या तोंडात वर्षानुवर्षं आहे. आजकाल फारसं कुणी मागत नाही. तुम्ही मागितलंत तर करीन, पण या दाढेत खुशीने नाही करणार. आणि एक. कीड नसेच्या जवळ आहे. नस लागली तर रूट कॅनल. ते उघडल्यावर कळेल."

तिथे माझं डोकं फिरलं. माझ्या धंद्यात 'गठ्ठा उघडल्यावर कळेल' म्हणणारा माणूस गठ्ठा उघडल्यावर रेट वाढवतो. मी तिला तोंडावर तसं सांगितलं. "उघडल्यावर मी तुमच्या हातात. तेव्हा माझं तोंड चालतं का?"

"तेव्हा मी थांबेन आणि विचारेन."

"असं सगळेच म्हणतात."

मी पर्स उचलली. दुखणं मात्र उचलता येत नव्हतं. म्हणून जाता जाता सौदा केला. आज मशीन नको, कायमचं काही नको, तात्पुरतं काहीतरी करा. ती नाखुशीने तयार झाली. हातातल्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेली कीड खरवडली आणि लवंगेच्या वासाचं औषधी सिमेंट भरलं. मी खुर्चीचे हात असे धरले होते की नंतर बोटं उघडेनात. ती म्हणाली, "हे नस शांत करायला आहे. काही आठवड्यांपुरतं. यावर कडक काही चावायचं नाही. परत यायचं."

दुसऱ्या दिवशी ताक लागलं नाही. मला वाटलं, जिंकले. सगळ्यात कमी पैशात काम झालं, मशीन न लावता. गाळ्यात मी सगळ्यांना सांगत सुटले. आमच्याकडे एक आपा आहे, कोकणी मुसलमानांच्या जुन्या घरातली, माझ्याहून मोठी. तरी बाकीच्यांसारखी तीही मला बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणते. मराठी बोलते, पण थट्टा करायची असली की हिंदीवर येते. ती अभ्रा उलटा करत म्हणाली, "बाजी, पंक्चर लगाया है. टायर नया नहीं हुआ."

"तू तुझे धागे बघ," मी म्हटलं.

दवाखान्यातून फोन आले. मी म्हटलं, लॉट चालू आहे. लॉट नेहमीच चालू असतो. मिठाईच्या दुकानासमोरून जायची वेळ आली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. ते मशीन खाली ऐकू येत नाही, मला माहीत आहे. तरी मला ऐकू यायचं.

आणि मग तो दिवस. अभ्र्यांचा मोठा लॉट, टेम्पो दाराशी उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी शेवटची थप्पी तपासत होते. एका अभ्र्याच्या कोपऱ्याला पॉलिस्टरचा धागा लोंबत होता. बोटाला वेढा, दाढेत धागा, झटका.

आवाज डोक्याच्या आत झाला. बाहेर कुणालाच ऐकू गेला नाही. जिभेवर वाळूसारखं सिमेंट आलं, लवंगेची चव, आणि त्यात एक टणक तुकडा. तो सिमेंटचा नव्हता.

मी तोंड मिटलं आणि तसाच माल चढवून दिला. ड्रायव्हरने थप्पी आडवी टाकली, तरी मी काही बोलले नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी कुजबुजली, "बाजी चुप है. तबियत ठीक नहीं क्या?" टेम्पो गेल्यावर मी तुकडा हातात घेतला. दाढेची आतली भिंत होती. त्याच वेळी उघड्या दाढेत वारा गेला, कळ उठली आणि मी भिंतीला धरून खाली बसले.

आपाने माझी हनुवटी धरली. "तोंड दाखव." बघितलं आणि स्वतःची ओढणी सारखी केली. "चल. तुझी लेक ड्युटीवर आहे, मी येते."

"उद्या जाऊ."

"उद्या ये मुँह भी नहीं रहेगा. चल."

रिक्षात मला एकच दिसत होतं. कापसाचा बोळा, आणि त्याच्याखाली काही नाही. एक भिंत गेली, आता डॉक्टरला सबब मिळाली. भरण्यासारखी राहिलीच नव्हती, असं ती म्हणणार आणि या वेळी ते खरंही असेल. तुकडा मी रुमालात बांधून घेतला होता. चिकटवता येईल अशी आशा होती.

आपाने धाग्याचं सांगून टाकलं. डॉक्टरने तुकडा बघितला आणि ट्रेमध्ये ठेवला. "हा नाही चिकटत, ताई." मग दिवा ओढून आत बघितलं आणि गप्प झाली. माझ्याशी भांडणारी माणसं मी सांभाळू शकते. गप्प झालेलं माणूस मला सांभाळता येत नाही.

"न्हाय काढायची," मी म्हटलं. माझं माहेर खारबावकडचं. घाबरले की तोंडात गावची बोली येते. "काय पन होवो, आज काढायची न्हाय. मी बेशुद्ध पडले तरी न्हाय." मी तिचं मनगट धरलं होतं हे मला नंतर कळलं.

तिने मनगट सोडवून घेतलं नाही. "आज काढणार नाही. साफ करून किती उरलंय ते बघते. काही करण्याआधी तुम्हाला उठवून सांगते. आणि डावा हात वर केलात की मी थांबते. कधीही."

इंजेक्शनची सुई हिरडीत गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. पण खरी भीती त्यानंतरची होती. ओठ जड झाला, गाल परका झाला. बधिर जबड्याला काय चाललंय ते कळत नाही. पूर्वी तसंच झालं होतं.

मशीन सुरू झालं. मी लगेच डावा हात वर केला. मशीन थांबलं.

"दुखलं?"

"नाही. बघितलं."

कोपऱ्यातून आपा म्हणाली, "ट्रायल ले रही है, डॉक्टरसाब. माल भी ऐसे ही लेती है."

परत सुरू. परत हात. परत थांबलं. तिची मदतनीस बाई वर छताकडे बघायला लागली. मी आणखी एकदा हात वर केला. डॉक्टर थांबली, मास्कच्या वर तिचे डोळे होते, त्यात राग नव्हता, घाई नव्हती. मग मी हात खाली ठेवला. थोडा वेळ.

साफ झाल्यावर तिने खरंच खुर्ची वर केली, मास्क खाली घेतला आणि माझ्या हातात आरसा दिला. आतली भिंत अर्धी गेलेली. बाहेरची उभी. मध्ये खड्डा, आणि तळाला गुलाबीसर छटा.

"नस उघडी पडलेली नाही. पण वर पातळ पापुद्राच उरलाय. दाढ काढायची नाही, भरू या. आता सांगा, चांदी की पांढरं?"

"सिमेंट?"

"सिमेंट तुम्ही चावून बघितलंत. तळाला थोडं घालणारच आहे, भरवसा त्याच्यावर नाही." ती स्टूल ओढून माझ्या समोर बसली. "चांदी भरली तर तुम्ही हात पाहिजे तेवढ्या वेळा वर करा. तोंड मिटा, थुंका, उठून बसा. तिला फारसा फरक पडत नाही. पण ती अडकवायला मला आणखी कापावं लागेल, आणि तेही या पापुद्र्याच्या जवळ. बाहेरची भिंत तिच्या जिवावर किती दिवस उभी राहील, सांगता येत नाही. पांढरं भरलं तर आता कापणं नाही. ते भिंतीला धरून ठेवील. पण दाढ कोरडी ठेवणारा रबराचा पडदा लावल्यापासून संपेपर्यंत हात नाही. मध्येच उठलात तर सगळं काढायचं आणि परत मशीन लावायचं. आणि परत लावलं की नस लागेलच, असं समजा."

"मध्ये एकदा थांबा. अर्ध्यावर."

"नाही."

"पाण्यापुरतं."

"नाही, ताई. यात अर्धं नसतं."

इतका वेळ तिने प्रत्येक गोष्टीत थोडं थोडं सोडलं होतं. उभ्याने बघितलं, तात्पुरतं भरलं, हात वर केला की थांबली. आता एका शब्दात बंद. माझं टाळकं सणकलं. मी ओढणी गोळा करून खुर्चीतून उतरले. अर्धं तोंड बधिर, लाळ हनुवटीवर, आणि मी म्हणतेय, "रवू द्या मग."

आपा उठली नाही. "जा. अशीच जा. आणि उद्या कुठल्या बाजूने जेवशील, तेही सांगून जा."

मी दरवाजाशी उभी राहिले. चांदीमध्ये माझा हात माझ्याकडे राहत होता. हात माझ्याकडे राहिला तर कुणी मला फसवून काही करणार नाही. पण दाढ फुटायची शक्यता जास्त. पांढऱ्यात दाढेचं भलं होतं, आणि मी तोंड उघडं ठेवून, रबराच्या पडद्याखाली, हात बांधल्यासारखी पडून राहणार होते. परत. मला चांदी हवी होती. सगळं अंग चांदी मागत होतं.

"पांढरं सुटलं तर?" मी विचारलं.

"माझ्या चुकीने सुटलं तर परत करून देईन. धाग्याने सुटलं तर माझ्याकडे येऊ नका."

"आणि नस मेली तर?"

"त्याची हमी मी देत नाही. कुणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका."

मी इतकी वर्षं माल घेतेय. सगळ्याची हमी देणारा माणूस माल उतरवला की फोन उचलत नाही. हमी कुठे संपते ते आधीच सांगणारे थोडे असतात, आणि मी त्यांच्याशीच टिकून धंदा केलाय. ते आठवलं म्हणून भीती कमी झाली नाही. पण मी परत येऊन खुर्चीत बसले.

रंग ठरवायला तिने छोट्या छोट्या खोट्या दातांची माळ आणली. कापडाच्या शेड कार्डासारखीच. मी खिडकीच्या उजेडाकडे धरायला सांगणार, तोवर ती खुर्ची तिकडे फिरवत होती. मी एक दात निवडला. ती म्हणाली, "हा नाही. तुमचे दात एवढे पांढरे नाहीत. चहा खूप पिता ना?" आणि दोन घरं पुढचा पिवळट घेतला. आपा हसून हसून खोकायला लागली. मला चिडायचं होतं, पण ओठ चालत नव्हता.

मग रबराचा पडदा. दाढेला चिमटा लावून त्याच्याभोवती ताणला. आता ती एकटी दाढ बाहेर आणि बाकी सगळी मी पडद्याच्या मागे. घशात लाळ साठत होती. नाकाने श्वास घे, नाकाने, असं मी मनात म्हणत राहिले. डावा हात मी स्वतःच मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. पहिला थर, निळा उजेड, बारीक बीप. दुसरा थर. गिळायचं होतं. गिळता येत नव्हतं. आता उठले नाही तर गुदमरून मरेन असं वाटायचं, मग श्वास यायचा, मग परत वाटायचं.

आणि लाईट गेली.

आधी लूम थांबले. भिवंडीतल्या माणसाला ती शांतता लगेच कळते. सगळी गल्ली एका क्षणात मुकी झाली. वरचा दिवा विझला. लाळ ओढणारी नळी गप्प झाली. अंधार नव्हता, दुपार होती, पण माझ्या तोंडात तर रात्रच झाली असणार. हात मांडीखालून अर्धा बाहेर आला होता.

"आपा, मोबाईलची बॅटरी लावा," डॉक्टर म्हणाली. तिनेही तिला आपाच केलं. "इकडे धरा. आणखी खाली. ताई, निळा दिवा चार्जिंगवर आहे, तो चालू आहे. दाढ कोरडी आहे, पडद्याने धरलीय. थोडं राहिलंय. उठावंसं वाटतंय ते मला कळतंय."

आपाचा मोबाईल माझ्या कपाळापाशी हलत होता. म्हणजे तीही घाबरली होती. तिला कधी घाबरलेलं मी बघितलं नव्हतं. त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू येत होता, नाकातून, शिट्टीसारखा. मी हात परत मांडीखाली ढकलला. डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर मी उठले असते. डॉक्टरच्या कपाळावर घामाचा थेंब होता, तो खाली पडू नये म्हणून तिने मान वळवून खांद्याला पुसला, आणि मी त्या खांद्याकडे बघत राहिले. बीप. आणखी एक थर. बीप.

पडदा निघाला तेव्हा मी एवढं गिळलं की घसा दुखला. घासून सारखं करायला लाईट लागत होती, म्हणून आम्ही सगळ्या तशाच बसून राहिलो. भरलेली दाढ उंच लागत होती, तोंड पूर्ण मिटत नव्हतं. मागच्या गल्लीत एक लूम खटकला, मग दुसरा, मग सगळे. निळा कागद मला चावायला लावून तिने उंच जागा घासली. मी हात वर केला नाही.

"आता वाट बघायची," ती म्हणाली. "गरम लागून ठणका राहिला, झोपेतून उठवलं, तर लगेच या. आणि काहीच लागेनासं झालं तरी या. तेही चांगलं नाही."

हे मला घरी गेल्यावर कळलं, काय बोलली ते. दुखलं तर वाईट, अजिबात नाही दुखलं तरी वाईट. मी पाणी कोमट प्यायला लागले, म्हणजे परीक्षाच नको. पोळी बारीक तुकडे करून पुढच्या दातांनी. गाळ्यात कटर दोरीला बांधून गळ्यात घातला. तरी माल तपासताना हात उठला की आपा टेबलापलीकडून ओरडायची, "बाजी, हाथ!" आणि सगळ्या माना वर करायच्या. मी रागाने बघायचे आणि हात खाली घ्यायचे. लेक विचारायची, "ठीक आहे ना?" मी म्हणायचे, ठीक आहे. मला माहीतच नव्हतं.

तपासायला बोलावलं त्या दिवशी मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले नाही. जिना चढले. डॉक्टरने आधी हत्याराच्या मागच्या टोकाने दाढेवर टकटक केली. काही नाही. मग कापसाच्या बोळ्यावर काहीतरी गार फवारलं. त्यातून धूर आल्यासारखा दिसला.

"आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावते. कसं लागतं ते लक्षात ठेवा."

शेजारच्या दाताला गार झिणझिणी आली आणि गेली.

मग तिने बोळा या दाढेला लावला. मी वाट बघितली. काही नाही. तिने हात हलवला नाही. अजून काही नाही. मेली, मी मनात म्हटलं, एवढं सगळं करून मेली. आयुष्यभर मी त्या खुर्चीत दुखेल म्हणून घाबरले, आणि आता दुखत नाही म्हणून घाबरत होते.

आणि मग कळ आली. बारीक, गार, थेट मुळात. माझा खांदा उडाला. तिने बोळा काढला.

"आलं?"

"आलं."

"राहिलंय?"

मी जिभेने दाढ चाचपली. "नाही. गेलं."

"गेलं ना लगेच? मग जिवंत आहे."

ती बोळा टाकायला वळली. मी तिचा कोपर धरला.

"परत एकदा लावा," मी म्हटलं.